लाल दोऱ्याची वायर

वर्तकनगर, ठाणे
१४ जून १९९८

सौ. मंजुळास,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र परवा पोचलं. त्यात शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका आहेत. लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवते आहे. चोवीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवल्यावर हात थांबत नाही, राग मानू नकोस. तिसऱ्या पानावर अक्षरं पुसली गेली आहेत. रडायचं असेल तर कागद बाजूला ठेवून रडावं, वाचणाऱ्याला त्रास होतो.

महिपतने पत्र उघडलंही नाही. "ताई, तूच वाच आणि काय ते कळव," म्हणाला आणि माजिवड्याला कंपनीत निघून गेला. तुझा नवरा असला तरी तो माझा धाकटा भाऊ आहे, आईमागे मी वाढवलेला. त्याच्या वतीने लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मी समजते.

तू विचारतेस, माझा गुन्हा काय. १ जूनला हॉस्पिटलात तू माझ्या शेजारीच बसली होतीस. तरी पुन्हा सांगते, कारण धडा एकदा सांगून कळत नाही हा माझा अनुभव आहे.

आपली जाई जन्मापासून बहिरी. गेल्या नोव्हेंबरात तिच्या कानात आतपर्यंत बावीस इलेक्ट्रोडची तार बसवली. बाहेर कमरेला मशीन, कानामागे मायक्रोफोन, आणि तिथून बोटभर वायर डोक्यावरच्या चकतीला. ती चकती चुंबकाने चिकटते आणि आतल्या तारेला आवाज पोचवते. दर भेटीला ऑडिओलॉजिस्ट बाई त्या बावीस इलेक्ट्रोडचा इंपिडन्स मोजतात, म्हणजे करंटला किती अडथळा होतो ते. मशीन रोज चालू असेल तर आकडा सहा-सातवर राहतो. बंद पडून राहिलं की इलेक्ट्रोडवर आतून साका धरतो आणि आकडा चढतो. मार्चमध्ये सहा होता. १ जूनला पंधरा निघाला.

बाईंनी मशीन तपासलं, वायर तपासली, चकती तपासली. सगळं ठणठणीत. मग जाईला तासभर मशीन लावून खेळायला बसवलं आणि पुन्हा मोजलं, तर नऊ. "बिघाड असता तर असा उतरला नसता," त्या म्हणाल्या. "हे मशीन तीन-चार आठवडे मुलीला लावलेलंच नाही." आणि समोर मशीन रोज किती तास लावलं त्याची डायरी उघडी. २ मे ते २९ मे, वडिलांच्या आजारपणात ठाकुर्लीला माहेरी असताना, तुझ्या अक्षरात रोज 'दहा तास'. खाली तुझी सही.

"लाइट लागत होता हो! शपथेवर सांगते, बोललं की लाइट लुकलुकायचा. तीच वळत नव्हती. ताई, मी तुम्हाला फोन पण केलेला!" हे तू सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं ओरडलीस. टेलिफोन ऑपरेटरचा आवाज, घुमतो चांगला.

महिपत काय म्हणाला ते तुला पाठ असेल. "ऑपरेशननंतर पोरीचं डोकं कसं सुजलेलं, मी बघितलंय. आणि तू मशीन कपाटात टाकून बापाच्या उशाशी बसलीस? वर दहा-दहा तास लिहिलेस? जा आता, तिकडेच बस." मी मध्ये पडले नाही. पडता आलं असतं, हे खरं.

वकिलाकडे जाणार असं लिहिलं आहेस. जा. डायरी तुझी, सही तुझी, आकडे मशीनचे. न्यायाधीशाला काय दाखवशील? लाल दोरा? ठाकुर्लीला वायरीला लाल दोरा होता आणि इथे आल्यावर नव्हता, असं तू महिपतला सांगत होतीस म्हणे. तो मीच ओळखीसाठी बांधला होता, मळला म्हणून कापला. माणूस घाबरला की त्याला नको त्या गोष्टी आठवतात.

जाई मजेत आहे. तुझ्याविषयी विचारत नाही.

शेवंती


वर्तकनगर
९ ऑगस्ट १९९८

मंजुळास जयभीम.

तुझे वडील धोंडिबा गेल्याचं तुझ्या भावाने, देवरामने कळवलं. वाईट वाटलं. जलदानविधीला महिपत यायला निघाला होता, शर्टही इस्त्रीचा घातला होता. मीच म्हटलं, तू गेलास की त्यांना वाटेल तुझं मन वळलं. मग तो शर्ट काढून बसला.

देवराम गेल्या रविवारी इथे येऊन गेला. दारातूनच सुरू. "ओ बाई, काय समजता तुम्ही माझ्या बहिणीला? पोरगी तिची आहे! बहीण माझी रोज ड्यूटीवरनं येऊन भिंतीकडे तोंड करून झोपते, जेवत नाही, आणि आता काय बोलते माहितीये? बोलते, चूक माझीच झाली असेल, मलाच मशीन लावता आलं नसेल. एवढं बोलायला लावलंत तुम्ही तिला!" मी त्याला पाणी दिलं. शेजारपाजारचे लोक गॅलरीत आले तसा तो आपोआप गप्प झाला.

त्याच्याजवळ तुझं उरलेलं सामान दिलं आहे. शाळेत मोडकी पट्टीसुद्धा आम्हाला फेकता येत नाही. डेडस्टॉकच्या वहीत तिची नोंद होते, तिला चिठ्ठी लागते, तारीख पडते आणि साहेबांची सही होईपर्यंत ती वस्तू कपाटात राहते. ती सवय मला घरीही आहे, तू हसायचीस त्यावर. तेव्हा तुटलेला केसांचा चाप, एका पायाची चप्पल, फाटलेला पदर, सगळ्याला चिठ्ठ्या आहेत. मोजून घे.

तू पाठवलेली कॅसेट मिळाली. "जाई, मी आई, जाई, मी आई," अर्धा तास हेच. मी रोज दुपारी शाळेतून आल्यावर लावते. रिळं फिरताना बघून तिला हसू येतं. टेपरेकॉर्डरच्या काचेवर बोट फिरवत बसते. अजून कॅसेटी पाठवायला हरकत नाही.

हॉस्पिटलची तारीख गेल्या बुधवारी होती. आकडा सहा. एका इलेक्ट्रोडला साडेसहा, बाकी सगळे सहाच्या आत. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी कागदाची एक प्रत मला दिली. म्हणाल्या, "आता घरात कोणीतरी मनापासून बघतंय." मी मान हलवली. खोटं काहीच नव्हतं त्यात. सकाळी शाळेत निघण्याआधी मी तिला मशीन लावते, मी येईपर्यंत शेजारच्या मनुबाई लक्ष ठेवतात, आणि झोपेपर्यंत मी ते उतरवत नाही. तासन् तास तिच्याशी बोलते. माझ्याच आवाजात बोलते.

तू जूनपासून एकदाही विचारलं नाहीस, ताई, तुम्ही कशा आहात. मी बरी आहे.

शेवंती


वर्तकनगर
२२ नोव्हेंबर १९९८

मंजुळा,

मंगळवारी जाईच्या वाढदिवसाला तू न सांगता आलीस. पिवळा फ्रॉक, केक, आणि चेहरा असा की जशी काही बक्षीस घ्यायलाच आली आहेस. मी तुला आत घेतलं नाही, पण दारात उभं राहू दिलं. महिपत कामावर होता, त्याला सांगितलं असतं तर तेवढंही झालं नसतं. त्याबद्दल तू आभार मानले नाहीस.

तू दारातून हाक मारलीस. जाई आमच्याकडे पाठ करून ठोकळे रचत बसली होती. "जाई." मग मोठ्याने, "जाई!" चार वेळा हाक मारलीस, मी मोजल्या. ती वळली नाही. तुझे हात खाली आले आणि केकचा खोका वाकडा झाला. मग तू मला म्हणालीस, "ताई, ती मला विसरली का हो?" तू डोळ्यांनी बघितलं होतंस, मी वेगळं काय सांगणार?

फ्रॉक तिला होतो. थोडा आखूड आहे. तू गेलीस तेव्हापासून ती चार बोटं वाढली आहे, हे तुला माहीत असण्याचं कारण नाही.

ती बोलू लागली आहे. सगळ्याच मशीनवाल्या मुलांचे पहिले शब्द तेच असतात म्हणे, 'चालू' आणि 'बंद'. सकाळी चकती लावली की 'चालू', रात्री काढली की 'बंद'. पंखा बंद, दिवा बंद, दुकान बंद. मग 'पाणी', 'दे', 'नको'. ऑक्टोबरात मी तिला आरशासमोर बसवलं आणि 'आई' शिकवलं. ओठ कसे, जीभ कुठे, सगळं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून शिकवलं.

तू आता हा कागद चुरगाळशील. चुरगाळ, पण पुढचं वाच. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात मशीन पहिल्यांदा चालू केलं तो दिवस आठव. तिच्या जन्मापासून दुपारी तू कल्याणच्या एक्स्चेंजला गेलीस की ती माझ्याजवळ असायची. तुला वाटायचं ताई सांभाळते, म्हणजे भरवते आणि झोपवते. आम्ही बोलायचो, मंजुळा. हातांनी. भूक, भात, चिमणी, ताप, भीती, उद्या. तीन वर्षांच्या पोरीला 'उद्या' कळत होतं, कारण मी त्याची खूण केली होती. महिपतला त्यातल्या दोन खुणा येतात, तुला पाच. बाकी सगळी भाषा आमच्या दोघींची होती.

त्या दिवशी बाईंनी बटण फिरवलं आणि आधी तू बोललीस. "जाई." ती थबकली, डोळे मोठे केले आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. महिपत रडला. मग बाई म्हणाल्या, आता आत्यांनी बोला. मी बोलले. माझा आवाज कसा आहे तुला ठाऊक आहे. सत्तर-सत्तर पोरांच्या वर्गात रस्त्याच्या ट्रकांवर ओरडून ओरडून बसलेला घसा, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मी जेमतेम "जाई बाळा" एवढंच म्हटलं. ती किंचाळली. दोन्ही हात डोक्यावर नेले, चकती ओढून फेकली आणि तुझ्या कुशीत घुसली. तुम्ही दोघं हसलात. "ताई, तुम्ही जरा हळू बोलत जा," तू म्हणालीस. सहज म्हणालीस, मला माहीत आहे. पण त्यानंतर चार महिने मी त्या घरात मुकी होते. मी तोंड उघडलं की ती तुझ्यामागे पळायची आणि माझ्या हातांकडे बघेनाशी झाली.

ज्या बाईला मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दोन वर्षांत परत पाठवलं, तिच्याजवळ एवढंच होतं. ते तू हसत हसत नेलंस.

आता ती माझ्या आवाजाला वळते. सवय झाली. दुसरा आवाजच नाही म्हटल्यावर सवय होते.

पुन्हा न सांगता येऊ नकोस.

शेवंती


वर्तकनगर
१५ मार्च १९९९

मंजुळा,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा महिपत बहुतेक तुझ्यासमोर बसलेला असेल. तो काय सांगेल ते मला माहीत आहे. पण त्याला अर्धंच माहीत आहे, म्हणून पूर्ण मी लिहिते. अर्धवट उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत.

आज हॉस्पिटलची तारीख होती. सकाळी निघताना चकतीची वायर गेली. जाईच "बंद, बंद" म्हणत महिपतकडे गेली. मी शाळेत, परीक्षेची तयारी होती. महिपतने माझं कपाट उघडलं आणि सुटे भाग ठेवायचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात नवी वायर होती, ती त्याने लावली. आणि त्याच्याखाली एक जुनी होती, लाल दोरा बांधलेली. दोऱ्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात: 'चकतीची वायर. आतून तुटलेली. नादुरुस्त. १२/४/९८.'

त्याला अक्षर ओळखायला वेळ लागला नसणार. त्याला अ आ इ मीच गिरवायला लावलं होतं.

तो ती वायर घेऊन हॉस्पिटलात गेला. मी परस्पर शाळेतून तिथे पोचले तेव्हा बाईंच्या टेबलावर ती पडली होती आणि शेजारी तुझी मागच्या वर्षीची डायरी. बाईंनी वायर मायक्रोफोनला जोडली आणि मशीन सुरू केलं. लाइट लुकलुकला. त्या बोलल्या की लुकलुकायचा, अगदी तू सांगितलं होतंस तसा. चकतीपर्यंत मात्र काहीच जात नव्हतं. "मायक्रोफोन चांगला, म्हणून लाइट लागणार. त्यापुढची ही बोटभर वायर तुटलेली. मुलीला एक अक्षर ऐकू येणार नाही आणि आईला वाटणार सगळं चालू आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "बारा एप्रिल. आणि मंजुळाताई ठाकुर्लीला गेल्या दोन मेला." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला कागद देऊन शाबासकी दिली होती ना, म्हणून असेल.

महिपत अजून कुठेतरी आशा धरून होता. "ताई, चुकून गेली असेल ना? डब्यात दोन्ही एकत्र होत्या, चुकून उचलली असशील. बोल ना, ताई." मी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. त्याच वेळी जाईने टेबलावरची वायर बघितली. तिने लाल दोऱ्याला बोट लावलं आणि मागे सरकली. भिंतीला जाऊन टेकली. दोन्ही हात चकतीवर घट्ट दाबून धरले, कुणी काढून घेईल म्हणून, आणि म्हणाली, "नको. बंद." मग दाराकडे बघून म्हणाली, "आई. आई बंद."

तिला सगळं आठवत होतं, मंजुळा. अठ्ठावीस दिवस तू तिच्यासमोर तोंड हलवत होतीस आणि तिला आवाज येत नव्हता. तू बंद पडलीस असं तिला वाटलं होतं. आणि मी छातीवर बोट ठेवून शिकवलेला शब्द तिने माझ्यासाठी ठेवलाच नव्हता.

आता पूर्ण उत्तर. एप्रिलमध्ये जाईने खेळता खेळता ती वायर ओढली, ती आतून तुटली. मी सुटी वायर लावली आणि तुटकीला दोरा आणि चिठ्ठी बांधून डब्यात ठेवली. इथवर काही पाप नाही. २ मेला तू तिला घेऊन माहेरी निघालीस. आंघोळीनंतर मशीन मी लावून देते म्हणाले. चिठ्ठी सोडवली आणि तुटकी वायर लावली. दोरा काढला नाही, कारण परत आल्यावर कुठली कुठली ते कळलं पाहिजे. चूक होऊ नये म्हणून. तू विचारलंस, ताई, हा दोरा कशाला, आणि मी म्हटलं ओळखीसाठी. ठाकुर्लीहून फोन केलास तेव्हा म्हटलं, लाइट लागतो ना, मग मशीन चालू आहे. ३० मेला तुम्ही परत आलात. ती रिक्षातून उडी मारून माझ्याकडे धावत आली, माझे हात धरले आणि घडाघडा खुणा करू लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात असताना मी चांगली वायर लावली आणि तुटकीला तिची चिठ्ठी पुन्हा बांधून डब्यात ठेवली. पण १ जूनपर्यंत मशीन तिला लावू दिलं नाही, प्रवासाने दमली आहे म्हणाले; ते दोन दिवस मला हातांनी बोलायला हवे होते.

मला वाटलं होतं, फार तर तुला बोलणी बसतील. आकडे काय सांगतात हे मला १ जूनला हॉस्पिटलातच कळलं. पण कळल्यावरही मी गप्प बसले, तेव्हा पहिलं वाक्य खोडून टाक.

फेकून का दिली नाही, असं महिपतने विचारलं. त्याला नाही कळायचं. चोवीस वर्षांत मी साहेबांच्या निर्लेखनाच्या सहीशिवाय एक खडू फेकलेला नाही.

अजून दोन गोष्टी. तुझ्या कॅसेटी मी लावल्या, पण चकती काढून. तिने फक्त रिळं बघितली. आणि वाढदिवसाला तू दारात चार हाका मारल्यास तेव्हा चकती वायरीसकट माझ्या मुठीत होती, मोकळ्या केसांमुळे तुला दारातून कळलं नाही. कडी वाजल्यावर आधी ती काढली, मग दार उघडलं. ती तुला विसरलेली नव्हती. तिला ऐकूच आलं नाही.

माफी मागत नाही. तू दिलीस तर ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

शेवंती


वर्तकनगर
२८ मार्च १९९९

मंजुळा,

महिपतजवळ दिलेली तुझी चिठ्ठी मिळाली. एकाच ओळीची: 'रात्री चकती काढल्यावर ती हातांनी बोलते, मला काही कळत नाही, खुणा लिहून पाठवा.' नाव नाही, जयभीम नाही. आणि एकही चूक नाही.

दोन दिवस मी ती चिठ्ठी तशीच ठेवली होती. नाही पाठवायच्या, असंच ठरवलं होतं. मशीन तुझं, आकडे तुझे, आवाज तुझा. झोपताना आणि आंघोळीला मशीन उतरवलं की ती पुन्हा बहिरी होते, तेवढा वेळ तरी तुझं माझ्यावाचून अडू दे. खरं सांगते, त्या विचाराने मला दोन रात्री झोप लागली.

पण ताप आला तर तिला सांगता आलं पाहिजे. म्हणून सोबत चार पानं जोडली आहेत. एकेक खूण वर्णन करून लिहिली आहे, हात कुठे, बोटं कशी. कानात दुखतं, पोटात दुखतं, या वेगवेगळ्या आहेत, गल्लत करू नकोस. 'उद्या' लिहिली आहे. 'भीती' लिहिली आहे. तुझी खूणही आहे त्यात, खांद्याला पर्स अडकवल्यासारखी. ती तू दोनदा बघितली असशील आणि तुला कळली नसेल.

माझी खूण लिहिलेली नाही. ती करू लागली तर तुला कळणार नाही ती कोणाला बोलावते आहे. तेवढं माझं मी ठेवलं.

महिपत आता तुमच्याकडेच राहतो म्हणाला. त्याचे कपडे नेऊन झाले. जेवणाचं ताट मी वाढलं तेव्हा ते त्याने बाजूला सरकवलं. लहानपणी पोळी करपली की असाच सरकवायचा. मनुबाई विचारत होत्या, सगळे कुठे गेले. मी म्हटलं, सुट्टी लागली.

ती गेली तेव्हाचं तुला कुणी सांगणार नाही, कारण महिपतने पाहिलं नाही. तो पिशव्या घेऊन पुढे खाली उतरला होता. मी तिला पिवळा फ्रॉक घातला. फार आखूड झाला आहे, पण तिने तोच मागितला. मशीन कमरेला बांधलं, चकती लावली. ती म्हणाली, "चालू." मी माझी खूण केली. तिने बघितली आणि हात खिशात घातले.

ती जिन्याकडे निघाली. पाण्याच्या टाकीपर्यंत गॅलरी सरळ आहे, दहा-बारा पावलं. मी दारातून हाक मारली. "जाई." मग पुन्हा, जमेल तेवढा घसा मऊ करून, "जाई बाळा." चार वेळा मारली. मोजायची सवय आहे.

ती वळली नाही. कठड्यावरून हात फिरवत चालत राहिली आणि जिन्याच्या वळणावर दिसेनाशी झाली.

वायर नवी होती, मंजुळा. सकाळी मीच तपासली होती. सेल नवे होते. आणि १५ मार्चचा कागद माझ्यासमोर पडला आहे, बावीसच्या बावीस इलेक्ट्रोड, सगळे सहाच्या आत. तिला माझी प्रत्येक हाक ऐकू आली होती.

शेवंती